सुपरहिरो रोलप्लेमध्ये पहिलं पात्र घेऊन येताना

माझ्या पहिल्या सुपरहिरोचा अर्ज तीन वेळा परत आला. तिला उडता येत होतं, दुसऱ्याच्या मनातलं वाचता येत होतं, जखमा आपोआप भरत होत्या आणि पृथ्वीवरचा कुठलाही दगड तिच्या हुकमात होता. कमजोरीच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘लवकर राग येतो.’ तिसऱ्यांदा अर्ज परत करताना मॉडने, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणाऱ्याने, एकच प्रश्न विचारला: हिच्यासमोर आमच्या पात्रांनी करायचं काय?

तेव्हा मला त्या प्रश्नाचा राग आला होता. पुढे सहा वर्षं खेळले, त्यातली दोन वर्षं स्वतः अर्ज तपासले, तेव्हा लक्षात आलं की नियमावलीतला जवळपास प्रत्येक नियम याच प्रश्नातून निघालेला असतो. सुपरहिरो रोलप्ले म्हणजे एका काल्पनिक शहराची गोष्ट दहा-वीस जणांनी मिळून लिहायची. प्रत्येकाचं आपलं पात्र, आपली पाळी. एकाने पोस्ट टाकायची, दुसऱ्याने त्यावरून पुढे न्यायचं. इथे एकट्याचा नायक कुणीच नसतो. हे ध्यानात ठेवून नियम वाचले तर ते जाचक वाटत नाहीत आणि पाठही करावे लागत नाहीत.

मराठी मुलं-मुली या खेळात आता बऱ्यापैकी दिसतात, पण सगळी नियमावली इंग्रजीत, तीही लघुरूपांनी भरलेली. त्यामुळे सुरुवातीलाच गोंधळ उडतो. तो कमी व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. अर्जाआधी दोन आठवडे नुसतं वाचा

सुपरहिरोंचा मजकुरी रोलप्ले डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या आधीपासून चालत आला आहे. १९९० च्या दशकात तो मश नावाच्या मजकुरी सर्व्हरांवर व्हायचा, पुढे इतरत्र पसरला, आणि २०१५ मध्ये डिस्कॉर्ड आल्यावर बराचसा तिकडे गेला. जागा बदलल्या तरी रीतभात तिथूनच आलेली आहे, म्हणून कुठल्याही सर्व्हरवर, म्हणजे एखाद्या समुदायाच्या जागेत, शिरलात तरी शब्द तेच भेटतील.

शिरल्या शिरल्या अर्ज टाकू नका. चालू असलेले सीन, म्हणजे मिळून लिहिले जाणारे प्रसंग, वाचा आणि या गोष्टी बघा.

पोस्टची लांबी किती आहे? काही ठिकाणी दोन ओळींत काम भागतं, काही ठिकाणी तीन-चार परिच्छेदांखाली लिहिलेलं चालत नाही. माझा सल्ला, एक-दोन परिच्छेद चालणाऱ्या जागेपासून सुरुवात करा. लांब पोस्टच्या जागी नवा माणूस पहिल्याच आठवड्यात दमतो.

काळ आणि पुरुष कुठला? बहुतेक इंग्रजी सर्व्हरांवर तृतीय पुरुष आणि भूतकाळ चालतो. तारांकनांमध्ये कृती लिहायची पद्धत काहींना अजिबात चालत नाही.

फासे आहेत का? काही समुदाय केवळ परस्परसंमतीवर चालतात: मार लागला की नाही, हे मार खाणारा ठरवतो. काही ठिकाणी म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्ससारखी फाशांवर चालणारी नियमप्रणाली वापरतात. तसं असेल तर प्राथमिक नियम वाचल्याशिवाय पात्र बनवायला बसू नका.

पात्रं स्वतः घडवलेली आहेत की कॉमिक्समधली? स्वतःच्या पात्राला ओसी म्हणतात. प्रसिद्ध पात्र खेळायला मिळत असेल तर त्याचा अर्ज जास्त कडक असतो, कारण ते पात्र सगळ्यांच्या ओळखीचं असतं आणि एका वेळी एकालाच मिळतं. नवख्याने ओसीच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

आणि वयाची अट. डिस्कॉर्डवर किमान वय १३ आहे, पण पुष्कळ समुदाय १६ किंवा १८ ची अट घालतात. इथे खोटं बोलू नका. तुमचं वय लपलं तर तुमच्याबरोबर लिहिणारी सज्ञान माणसंही अडचणीत येतात, आणि पुढे कळलं की बंदी कायमची बसते. तुमच्या वयाला साजेशी जागा शोधा, ती मिळते.

२. जवळ काय हवं

वेगळा ईमेल आणि खऱ्या नावाशी संबंध नसलेलं टोपणनाव. कॉलेजचा ईमेल वापरू नका.

पात्राची माहिती लिहायला एखादी फाइल. इथे एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ जण अडकतात: गूगल डॉक्सची लिंक शेअर केली की फाइल कुणाच्या खात्यातली आहे ते समोरच्याला दिसू शकतं. आपण टोपणनावाने वावरतो आणि अर्जाच्या लिंकमधून खरं नाव जातं. फाइल वेगळ्या ईमेलच्या खात्यातच बनवा, किंवा मजकूर सरळ सर्व्हरवरच्या अर्जाच्या चॅनेलमध्ये (कप्प्यात) चिकटवा.

पात्राचं चित्र, आणि ते वापरायची परवानगी. यावर खाली लिहिलं आहे.

तुम्हाला कुठले विषय नको आहेत, त्याची छोटी यादी. ही खेळ सुरू व्हायच्या आधी करायची असते.

भारतीय प्रमाणवेळेत तुम्ही केव्हा मोकळे असता ते.

डिस्कॉर्डवर खेळणार असाल तर टपरबॉक्स या बॉटची, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामची, तोंडओळख करून घ्या. त्यात पात्राचं नाव आणि चित्र नोंदवलं की तुमची पोस्ट पात्राच्या नावाने पडते. सरावासाठी बहुतेक सर्व्हरांवर वेगळं चॅनेल असतं, तिथे हात बसवून घ्या. चालू सीनमध्ये बॉटशी झटापट केली की बाकीच्यांची लय तुटते.

मराठीत लिहिणाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट. डिस्कॉर्डवर मोफत खात्याला एका संदेशात २००० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पण मोजणीत सात भरतात. त्यामुळे मराठी पोस्ट अंदाजापेक्षा लवकर अडते. दोन तुकड्यांत टाकायची तयारी ठेवा आणि पहिल्या तुकड्याशेवटी ‘पुढे’ असं लिहा, म्हणजे मध्येच कुणी उत्तर देणार नाही.

३. शक्ती एक घ्या आणि तिची हद्द आखा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात.

नवखा माणूस शक्तींची यादी करतो, कारण त्याला वाटतं की शक्ती कमी पडली तर आपल्याला कुणी विचारणार नाही. खरा अनुभव उलटा आहे. ज्या पात्राला सगळं जमतं त्याला सीनमध्ये कुणी बोलावत नाही, कारण ते आलं की प्रश्न सुटला आणि बाकीचे बघत बसले.

या प्रकारातलं पहिलं मोठं पात्र घ्या. १९३८ मध्ये सुपरमॅन कॉमिक्समध्ये आला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो मैलाच्या आठव्या भागाएवढी, म्हणजे साधारण २०० मीटर उडी मारायचा. त्याच्या कातडीला इजा करायला निदान फुटणारा तोफगोळा लागायचा, असं पहिल्याच अंकात मोजून सांगितलं होतं. पुढे शक्ती वाढत गेल्या आणि मग त्याला हरवू शकेल असं काहीतरी शोधावं लागलं. क्रिप्टोनाइट आलं ते आधी रेडिओवर, १९४३ मध्ये. कॉमिक्समध्ये ते १९४९ मध्ये आलं. एकट्याच्या गोष्टीतही हद्द लागली, तर वीस जणांच्या गोष्टीत ती लागणारच.

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या सुपरहिरो खेळांनी हेच हिशेबात बसवलं. १९८१ च्या चॅम्पियन्स या खेळात पात्राला ठराविक गुण मिळायचे आणि त्यातून शक्ती विकत घ्यायच्या. जास्त गुण हवे असतील तर कमजोऱ्या पत्करायच्या: कुणी शत्रू मागे लागलेला, घरी सांभाळायचं माणूस, एखादी भीती. म्हणजे कमजोरी ही तिथे कमाई होती. २००२ पासूनच्या म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये नेहमीचं सुरुवातीचं पात्र दहाव्या पातळीचं आणि १५० गुणांचं असतं. त्यात नेम आणि माराची ताकद यांची बेरीज पातळीच्या दुपटीवर, म्हणजे २० वर जाऊ शकत नाही. नेम अचूक हवा तर ठोसा हलका, ठोसा जबर हवा तर नेम चुकणार. तुमच्या समुदायात फासे नसले तरी हा हिशेब मनात धरून पात्र लिहा.

आता माझ्या परत आलेल्या पात्राचं पुढे काय झालं ते सांगते, कारण कागदावरची हद्द सीनमध्ये कशी कामाला येते ते त्यातून दिसेल.

मी सगळं खोडलं आणि दगड तेवढा ठेवला. मग तोही कमी केला: कुठलाही दगड नाही, फक्त बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. पात्राचं नाव मृणाल. ती बुलढाणा जिल्ह्यातली, भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी, लोणारच्या सरोवराकाठी नमुने गोळा करताना तिला ही शक्ती मिळाली. लोणार हे बसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, त्यामुळे तिच्या गोष्टीला बूड होतं. पुढे शिक्षणासाठी ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या काल्पनिक शहरात आली. वेषातलं नाव ‘कातळ’.

शक्ती अशी: उघडा तळहात टेकला की बसाल्ट कणकेसारखा मऊ होतो, हात काढला की जिथल्या तिथे घट्ट होतो. एका वेळी परातीएवढा भाग, खोली कोपरापर्यंत. दगडातून निघालेली ऊब तिच्या हातात येते. एका सीनमध्ये तीनदा वापरलं की बोटं बधिर होतात, पुढचे काही तास पेनही धरता येत नाही.

मॉडने मंजुरी देण्याआधी विचारलं की शहरात बसाल्ट येणार कुठून? मी शोधायला बसले. न्यू जर्सीत हडसनच्या काठावर पॅलिसेड्सचे जे कडे आहेत ते डायबेसचे, बसाल्टच्याच जातकुळीतले निघाले. त्या भागात रस्त्यांसाठी, रुळांसाठी जी काळी खडी फोडतात तिला ट्रॅप रॉक म्हणतात. आपल्या दख्खन ट्रॅपमधला ट्रॅप तोच, पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. त्यामुळे ठरलं की कातळची शक्ती रुळांवर, जुन्या रस्त्यांवर आणि खाणीत चालेल; काचेच्या इमारतीत ती साधी मुलगी असेल, पिशवीत घरून आणलेले चार दगड घेऊन फिरणारी.

मंजुरी मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी सीनसाठी विचारलं. एकाला तिला रुळांपासून लांब, पंचविसाव्या मजल्यावर अडकवायचं होतं. एकीच्या पात्राला तिचे भाजलेले हात बांधून द्यायचे होते. चार शक्तींच्या माझ्या पहिल्या पात्रात असं कुणाला शिरायला जागाच नव्हती.

तर शक्ती लिहिताना स्वतःला हे विचारा: किती अंतरावरून चालते? किती वेळ? कशावर चालत नाही? वापरल्यावर अंगाला काय होतं? आणि समोरच्याने ती ओळखली तर तो काय करू शकतो? पाचही उत्तरं आकड्यांत किंवा डोळ्यांसमोर येईल अशा मापात द्या. ‘खूप ताकदवान’ याने कुणाला काही कळत नाही. ‘भरलेला रिक्षा उचलते, ट्रक नाही’ याने कळतं.

कमजोरी खरी हवी. लवकर राग येणं, अति प्रेमळ असणं, स्वतःच्या ताकदीची भीती वाटणं हे स्वभाव आहेत. ते असू देत, पण त्याबरोबर समोरच्या खेळाडूला वापरता येईल अशी एक तरी गोष्ट द्या.

काही शक्ती नवख्याला बहुधा मिळतच नाहीत: काळ मागे नेणं, वास्तव बदलणं, दुसऱ्याच्या शक्तीची नक्कल, मनावर ताबा, मरण न येणं. यातल्या प्रत्येकीत इतरांनी लिहिलेलं पुसण्याची सोय आहे. मन वाचायची शक्ती मिळाली तरी तिच्यात अट असते, समोरच्या खेळाडूला दरवेळी विचारायचं.

४. नक्कल, देव आणि चेहरा

‘वुल्व्हरिनसारखा, पण नखं निळी’ असा अर्ज टाकू नका. यामागे केवळ कल्पकतेचा आग्रह नाही. सिटी ऑफ हिरोज हा ऑनलाइन खेळ एप्रिल २००४ मध्ये सुरू झाला, त्यात खेळाडूला हवं ते पात्र रचता यायचं. काही जण प्रसिद्ध पात्रांच्या हुबेहूब आवृत्त्या बनवू लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वुल्व्हरिनसारखी पात्रं काढणाऱ्या मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने खेळाच्या कंपन्यांवर खटला भरला. डिसेंबर २००५ मध्ये तडजोड झाली. खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद पडला, पण नक्कल नको हा दंडक आज बहुतेक समुदायांत आहे. नाव सुचलं की शोधून बघा. कॉमिक्समध्ये एवढी पात्रं होऊन गेली आहेत की साधं, एका शब्दाचं इंग्रजी नाव बहुतेक घेतलेलं असतं. इथे मराठी नाव फार उपयोगी पडतं.

आपल्याकडच्या नवख्यांकडून वारंवार येणारा अर्ज म्हणजे हनुमानाचा अवतार, शंकराचा अंश, देवीची शक्ती. मनापासून लिहिलेला असतो, तरीही बहुतेक ठिकाणी नाकारला जातो. देवाच्या शक्तीला माप लावता येत नाही हे एक कारण. दुसरं असं की सीनमध्ये पात्र हरतं, पडतं, त्याचा अपमान होतो. उद्या कुणाच्या खलनायकाने ते तुमच्या श्रद्धास्थानाशी केलं तर तुम्हालाही सोसणार नाही आणि वाचणाऱ्या इतरांनाही. लोककथा, गावची दंतकथा, एखादी कला किंवा व्यवसाय यांतून पात्र उभं करा. गोंधळ्याच्या घरात वाढलेला मुलगा, संबळाच्या ठेक्याने समोरच्याची पावलं अडखळवणारा, असं एक पात्र मी मंजूर केलं होतं. त्याची आठवण तिथे अजून निघते.

चित्राबद्दल. नटनट्यांचा चेहरा वापरण्याला फेसक्लेम म्हणतात. काही जागी चालतो, काही जागी नाही. इन्स्टाग्रामवरून उचललेला कुणा सामान्य माणसाचा फोटो कुठेही, कधीही वापरू नका. चित्रकाराचं चित्र वापरायचं तर त्याची परवानगी आणि नाव हवं. पिक्रू या संकेतस्थळावर तयार अवयव जुळवून चेहरा करता येतो. तिथे प्रत्येक चित्रकाराने वापराच्या अटी दिलेल्या असतात, त्या बघा. एआयने बनवलेली चित्रं आणि मजकूर पुष्कळ समुदायांना चालत नाहीत, आधी विचारा.

५. अर्ज

अर्जाचे रकाने थोड्याफार फरकाने सारखेच: खरं नाव आणि वेषातलं नाव, वय, रूप, स्वभाव, शक्ती, मर्यादा, पूर्वकथा, शहरातलं सध्याचं आयुष्य, नमुना पोस्ट.

पूर्वकथेवर लोक हजार शब्द खर्च करतात. तपासणारा ती वाचतो, पण शोधत असतो सध्याचं आयुष्य. ती कुठे काम करते, भाडं कसं भरते, कुणाला भेटते? इतर पात्रांची गाठ तिथेच पडणार असते. मृणाल रात्री एका लाँड्रीत काम करते, एवढ्या ओळीवर माझी पहिली चार सीन झाली. आईवडिलांचा खून, गाव बेचिराख, सूडाची शपथ हे सगळं एकत्र असेल तर एखादं कमी करा. जिवंत आई फोनवर विचारते, ‘हातात मोजे का घालून बसलीस?’ आणि मुलगी खोटं बोलते, यातून जास्त गोष्ट निघते.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. मी दोन वर्षं अर्ज तपासले; व्याकरणावरून एकही परत केला नाही. सोपी, छोटी वाक्यं लिहा. संवादात ‘अगं’, ‘बाई गं’ आलं तर वाचणाऱ्यांना आवडतं, फक्त अर्थ पुढच्या वाक्यातून कळेल असं बघा.

अर्ज परत आला तर वाद घालू नका, दुसऱ्या खात्याने पुन्हा टाकू नका. सांगितलेले मुद्दे दुरुस्त करा आणि काय बदललं ते वर दोन ओळींत लिहा. तपासणारी माणसं नोकरी-शाळा सांभाळून, फुकट हे काम करतात. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा.

६. पहिली मारामारी

पहिला सीन शक्यतो चहाच्या टपरीवरचा, बसस्टॉपवरचा, दोन पात्रांच्या ओळखीचा ठेवा. पण मारामारी कधीतरी येणारच, आणि नवख्यांच्या तक्रारी सगळ्यात जास्त तिथेच होतात.

तीन शब्द शिकून घ्या. गॉडमॉडिंग म्हणजे आपल्या पात्राला काहीच न लागणं, प्रत्येक वार चुकवणं. पॉवरप्लेइंग म्हणजे दुसऱ्याच्या पात्राला आपणच हलवणं, त्याला लागलं असं आपणच ठरवणं. मेटागेमिंग म्हणजे खेळाडू म्हणून तुम्ही वाचलेली गोष्ट पात्राला आपोआप कळणं: दुसऱ्या सीनमध्ये कुणाचं गुपित फुटलं, तिथे कातळ नव्हतीच, तरी ती वागते मात्र कळल्यासारखी.

माझी पहिली लढाईतली पोस्ट अशी होती. समोरच्या पात्राला इथे निनाद म्हणू. तो आवाजाचा धक्का फेकतो.

‘कातळने निनादच्या पायाखालची खडी मऊ केली. तो कमरेपर्यंत रुतला. त्याने तोंड उघडायच्या आत तिने मूठभर दगड त्याच्या तोंडावर थापला आणि तो बेशुद्ध पडला.’

तीन वाक्यांत मी समोरच्याला रुतवलं, गप्प केलं आणि झोपवलं. त्याच्या खेळाडूला लिहायला काही उरलं नाही. शिवाय कमरेपर्यंत रुतवणं माझ्याच अर्जातल्या मापात बसत नव्हतं. त्या मुलाने तक्रार केली नाही. वेगळ्या चॅनेलमध्ये येऊन शांतपणे सांगितलं आणि आम्ही दोघांनी बसून ती पोस्ट पुन्हा लिहिली.

‘कातळ रुळांच्या मधोमध गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळहात खडीवर दाबले. निनादच्या डाव्या बुटाखालची खडी सैल पडू लागली. पाऊल मागे घ्यायला त्याच्याकडे एखादा श्वास तरी होता. तिचे हात मनगटापर्यंत आत गेले होते, मान वाकलेली, आणि वर बघायला तिला सवड नव्हती.’

काय बदललं ते बघा. वार सुरू झाला, पण लागला असं लिहिलं नाही. समोरच्याला निसटायला वेळ दिला. आणि स्वतःची एक उघडी बाजू मुद्दाम दाखवली, म्हणजे त्याला काय करावं हा प्रश्न पडायला नको. निनादने पुढच्या पोस्टमध्ये बूट तिथेच सोडला आणि तिच्या मानेशेजारच्या रुळावर आवाज आदळला. कातळला दोन दिवस एका कानाने ऐकू येत नव्हतं, आणि तेवढ्यातून आणखी एक सीन निघालं.

तीन वार झाले की निदान एक लागू द्या, हा माझा स्वतःचा नियम आहे. मोठी इजा, अवयव जाणं, मृत्यू हे दोन्ही खेळाडूंनी आधी बोलून ठरवायचं. तुमच्या संमतीशिवाय तुमचं पात्र कुणी मारू शकत नाही. कुणी तसं लिहिलंच तर भांडू नका, मॉडला कळवा, पोस्ट मागे घेतली जाते. शहराची मोडतोडही विचारून करा. ज्या पुलावर तुम्ही ट्रेन पाडलीत त्याच पुलावर कदाचित दुसऱ्या दोघांचा सीन महिनाभर चालू असेल.

७. पात्राचा राग पात्रापाशी

आयसी म्हणजे पात्र म्हणून बोललेलं, ओओसी म्हणजे खेळाडू म्हणून बोललेलं. सीनच्या चॅनेलमध्ये ओओसी बोलायचं तर दुहेरी कंसात लिहितात.

दुसऱ्या वर्षी एका पात्राने सगळ्यांसमोर कातळला भित्री म्हटलं. रात्रभर मला ते लागून राहिलं आणि सकाळी मी त्या खेळाडूशी तुटक वागले. तिला कळेना काय झालं. तिच्या दृष्टीने तिने चांगलं, धारदार दृश्य लिहिलं होतं, कातळला उत्तर द्यायची संधी दिली होती. चार दिवसांनी मी सरळ विचारलं, तेव्हा ती म्हणाली की पुढच्या पोस्टमध्ये तिचं पात्र तोंडघशी पडणार होतं, मीच थांबले.

म्हणून कटू सीनच्या आधी आणि नंतर दोन ओळी ओओसी बोला. ‘आता माझा माणूस वाईट बोलणार आहे, चालेल ना?’ आणि नंतर ‘मस्त झालं, तू ठीक आहेस ना?’ एवढं पुरतं.

पात्रांच्या प्रेमकथांमध्ये याची दुप्पट गरज असते. पात्रं प्रेमात पडली म्हणजे खेळाडू पडले नाहीत. कुणी खासगी संदेशात फोटो, खरं नाव, शहर, फोन मागू लागलं तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढा आणि मॉडना द्या. तुम्ही १८ च्या आतले असाल तर घरच्या मोठ्या माणसालाही सांगा. रोलप्लेला गुप्ततेची गरज नसते. ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं ओओसी म्हणणारा माणूस खेळासाठी आलेला नाही.

८. रेषा आणि पडदे

चांगल्या समुदायात सुरुवातीलाच विचारतात की कुठले विषय तुम्हाला नको आहेत. रेषा म्हणजे जे गोष्टीत येणारच नाही. पडदा म्हणजे जे घडू शकतं, पण दाखवायचं नाही. दार बंद झालं, पुढचं दृश्य सकाळचं. सुपरहिरोंच्या गोष्टीत छळ, अपहरण, मुलांना इजा, कैद हे सहज येतं, म्हणून हे आधी बोलणं फार महत्त्वाचं.

कारण द्यावं लागत नाही. सीन चालू असताना नकोसं वाटलं तर तेव्हाही थांबवता येतं. काही ठिकाणी त्यासाठी फक्त एक्स हे अक्षर टाकतात आणि सगळे तिथून वळण घेतात. मागच्या वर्षी एका नव्या मुलीने आगीच्या सीनमध्ये तो टाकला. कुणी काही विचारलं नाही. इमारतीला आग लागली होती ती पाण्याची टाकी फुटली अशी झाली आणि खेळ पुढे चालला.

९. घड्याळ, सुट्टी आणि निरोप

न्यूयॉर्कच्या रात्री आठचा सीन म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास सरकतं, ते वहीत लिहून ठेवा. माझ्या ओळखीचे निम्मे लोक त्या आठवड्यात चुकतात. डिस्कॉर्डवर वेळेचा असा शिक्का टाकता येतो की प्रत्येकाला ती आपापल्या स्थानिक वेळेत दिसते, तो वापरा. एकाच वेळी सगळ्यांनी हजर असावं लागणारी सीन घेण्याआधी विचार करा. आपल्यासाठी सावकाश चालणारे, दिवसाला एक पोस्टचे सीन सोयीचे पडतात.

सुरुवातीला दोनच सीन घ्या. बहुतेक ठिकाणी काही दिवसांत पोस्ट टाकावी लागते, नाहीतर पात्र निष्क्रिय यादीत जातं. परीक्षा, गणपती, दिवाळी, गावी जाणं, काहीही असेल, आधी सुट्टीच्या चॅनेलमध्ये तारखांसह लिहा आणि ज्यांच्याबरोबर सीन चालू आहे त्यांना टॅग करा. पात्राला तेवढ्यापुरतं कुठेतरी पाठवा. कातळ दरवर्षी गणपतीत दहा दिवस ‘घरी फोनवर’ असते.

कायमचं जायचं ठरलं तर न सांगता गायब होऊ नका. तुमच्या पात्राच्या हातात कुणाचं तरी गुपित असतं, कुणाचा तरी शत्रू बांधून ठेवलेला असतो. चालू सीन दोन-तीन पोस्टमध्ये मिटवा, पात्र शहर सोडून गेलं की कुणा सहकाऱ्याच्या गोष्टीत उल्लेखापुरतं राहिलं तर चालेल, ते मॉडना लेखी कळवा. आपलं लिखाण स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून घ्या, सर्व्हर बंद पडले की मजकूर जातो. टपरबॉक्समधल्या पात्रांची नोंदही निर्यात करून ठेवता येते. ती फाइल जपून ठेवा, परत याल तेव्हा पुन्हा सगळं भरावं लागणार नाही.